उडायला शिकताय? आधी मेडिकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विमान उडवायला शिकवते. नवा विद्यार्थी समोर बसला की मी पहिला प्रश्न मेडिकलचा, म्हणजे वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीचा आणि तिच्या सर्टिफिकेटचा, विचारते आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते करू की नंतर." फी भरलेली असते, पुस्तकं आणलेली असतात, घरच्यांना सांगून झालेलं असतं. मग कधीतरी वीस-पंचवीस तास उडून झाल्यावर डॉक्टरांच्या खोलीत अशी एखादी गोष्ट कळते, जी पहिल्याच दिवशी कळली असती तर पैसा आणि मन दोन्ही वाचलं असतं. हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. म्हणून मला सतत विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

नियम देशागणिक बदलतात, पण त्यांचा पाया एकच आहे. १९४४च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, उभी राहिली. त्या कराराच्या परिशिष्ट १ मध्ये वैमानिकांच्या परवान्याचे आणि तब्येतीचे किमान निकष दिले आहेत. खाली जिथे देशाचं नाव घेतलेलं नाही, तिथे हेच निकष समजा. तुमच्या देशाचा नियामक त्याहून कडक असू शकतो, म्हणून त्याचा ताजा नियम एकदा वाचून घ्याच.

पहिल्या धड्याला मेडिकल लागतं का?

शेजारी इन्स्ट्रक्टर असेल तर सहसा नाही. विमानाची जबाबदारी इन्स्ट्रक्टरची असते. मात्र एकट्यानं उडायचं, म्हणजे सोलो जायचं, तर किमान क्लास टू मेडिकल हातात हवं. इकाओचा हा नियम स्पष्ट आहे. काही देशांत शिकाऊ परवान्यासाठीच मेडिकल लागतं. भारत त्यांतला एक.

तरी माझा सल्ला सोलोपर्यंत थांबू नका असाच आहे. विमान आवडतं की नाही हे बघायला एखादी फेरी मारा आणि आवडलं तर दुसऱ्या धड्याच्या आधी मेडिकलची वेळ घ्या.

क्लास वन, टू, थ्री म्हणजे काय? मला कोणतं लागेल?

पगार घेऊन उडवायचं असेल, म्हणजे कमर्शियल किंवा एअरलाइनचा परवाना हवा असेल, तर क्लास वन. स्वतःच्या आनंदासाठी उडायचं असेल, म्हणजे खासगी परवाना, ग्लायडर किंवा बलून, तर क्लास टू. क्लास थ्री हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी असतं. अमेरिकेत हे आकडे थोडे वेगळे आहेत. तिथे एअरलाइन कॅप्टनला फर्स्ट क्लास, इतर व्यावसायिक वैमानिकाला सेकंड क्लास आणि विद्यार्थी व खासगी वैमानिकाला थर्ड क्लास लागतं. त्यामुळे इंटरनेटवर "थर्ड क्लास पुरतं" असं वाचलंत, तर लिहिणारा कुठल्या देशातला आहे ते आधी बघा.

मला एअरलाइनमध्येच जायचंय. आता क्लास टू करून क्लास वन नंतर केलं तर चालेल?

नियमात बसतं, पण तसं करू नका. क्लास टूमध्ये जे चालून जातं, ते क्लास वनमध्ये अडू शकतं. तरुण माणसाला क्लास टूसाठी ईसीजी लागत नाही. क्लास वनच्या मात्र पहिल्याच तपासणीत ईसीजी असतो आणि ज्या मुलाला आयुष्यात कधी छातीत दुखलं नाही, त्याच्या हृदयाच्या विद्युतमार्गातला जन्मजात फाटा तिथे पहिल्यांदा दिसतो. कानांचीही क्लास वनला यंत्रानं तपासणी होते. तेव्हा करिअर करायचं असेल तर मोठी फी भरण्याआधी क्लास वन करून घ्या. भारतात आधी क्लास टू, त्यावर नियामकाकडून मिळणारा फाइल नंबर आणि मग क्लास वन असा क्रम आहे. तिथे या दोन्ही पायऱ्या एकामागोमाग चढून जा, मध्ये वर्षभर जाऊ देऊ नका.

आमच्या फॅमिली डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालेल का?

नाही. नियामकानं नेमलेला वैद्यकीय परीक्षकच लागतो. त्याला विमानवैद्यकाचं प्रशिक्षण असतं. त्या डॉक्टरांची यादी नियामकाच्या संकेतस्थळावर असते. युरोपात पहिलं क्लास वन ठरावीक विमानवैद्यक केंद्रातच होतं, नंतरची नूतनीकरणं परीक्षकाकडे होऊ शकतात.

फॅमिली डॉक्टरांचा उपयोग वेगळा आहे आणि तो मोठा आहे. तुमचे जुने कागद त्यांच्याकडे असतात. परीक्षकाकडे जाण्याआधी एकदा त्यांच्याकडे जाऊन रक्तदाब, लघवीतली साखर आणि प्रथिनं बघून घ्या.

त्या दिवशी नेमकं काय काय होतं?

आधी फॉर्म. तो भरायला लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण त्यात सगळे जुने आजार, शस्त्रक्रिया, ॲडमिट झालेले दिवस, चालू औषधं, कधी शुद्ध हरपली असेल तर ते, दारू आणि इतर व्यसनं, घराण्यातले आजार असं सगळं विचारलेलं असतं. घरी बसून, आईवडिलांना विचारून भरा. "लहानपणी एकदा तापात फिट आली होती" ही गोष्ट बऱ्याचदा फक्त आईलाच आठवत असते.

मग उंची, वजन, नाडी, रक्तदाब. लघवीची तपासणी. डोळे: लांबचं, जवळचं, दोन्ही डोळ्यांचा ताळमेळ, नजरेची कक्षा, रंग. छाती, पोट, हर्निया, सांध्यांची हालचाल. मज्जासंस्थेसाठी डोळे मिटून सरळ उभं राहणं, बोटानं नाक शिवणं असले साधे प्रकार. क्लास वनला ईसीजी आणि कानांची यंत्रावरची तपासणी, शिवाय देशाप्रमाणे रक्ताच्या तपासण्या.

कानाची एक तपासणी नवख्यांना चमत्कारिक वाटते. डॉक्टर कानात दुर्बीण धरून म्हणतात, नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि हलकेच फुंका. तुम्हाला कानात 'टप्' असा आवाज येतो आणि त्याच क्षणी डॉक्टरांना पडदा हललेला दिसतो. घसा आणि मधला कान जोडणारी नळी उघडते की नाही, हे ते बघत असतात. विमान खाली उतरताना बाहेरचा दाब वाढतो. ही नळी बंद राहिली तर पडदा आत खेचला जातो आणि त्याची कळ अशी असते की माणूस रेडिओवरचं बोलणंसुद्धा ऐकू शकत नाही. म्हणून सर्दी असताना मेडिकलला जाऊ नका. वेळ पुढची घ्या.

मला चष्मा आहे. संपलं का सगळं?

अजिबात नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याच गैरसमजापायी कित्येक मुलं शाळेतच विमानाचं स्वप्न सोडून देतात. लष्करी वैमानिकांचे कडक निकष ऐकून लोक तेच नागरी उड्डाणालाही लावतात.

निकष असा आहे: क्लास वनला प्रत्येक डोळ्यानं ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६, क्लास टूला प्रत्येक डोळ्यानं ६/१२ आणि दोन्ही मिळून ६/९. (६/९ म्हणजे निरोगी डोळ्याला ९ मीटरवरून दिसणारं अक्षर तुम्हाला ६ मीटरवरून दिसतं.) हे सगळं चष्म्यासह किंवा लेन्ससह. चष्म्याशिवाय नजर ६/६०पेक्षा कमी असेल तर नेत्रतज्ज्ञाचा सविस्तर अहवाल द्यावा लागतो, कारण जास्त नंबरच्या डोळ्यात पडद्याचे त्रास होऊ शकतात. चष्म्यानं पास झालात तर सर्टिफिकेटवर तशी अट येते आणि उडताना एक जादा चष्मा हाताशी ठेवणं बंधनकारक होतं.

या जादा चष्म्याचं महत्त्व मला एका विद्यार्थ्यामुळे पटलं. वळणात असताना घामानं त्याचा चष्मा नाकावरून घसरला आणि सीटखाली, पायानं शेपटीचं सुकाणू फिरवायच्या रडर पेडलच्या मागे जाऊन पडला. तो सवयीनं वाकून शोधायला लागला आणि विमानाचं नाक हळूहळू खाली जाऊ लागलं. मी शेजारी होते म्हणून नियंत्रण घेतलं. दुसरा चष्मा होता, पण मागच्या सीटवरच्या बॅगेत, चेन लावलेल्या कप्प्यात. 'हाताशी' म्हणजे शर्टाच्या खिशात, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते.

चाळिशीच्या लोकांसाठी एक खास गोष्ट. नुसता वाचायचा, संपूर्ण काचेला एकच नंबर असलेला चष्मा कॉकपिटमध्ये चालत नाही, कारण त्यातून लांबचं धूसर दिसतं. अर्ध्या काचेचा, बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह हवा, म्हणजे चष्मा न काढता खाली नकाशा आणि वर काचेबाहेरचं दोन्ही दिसेल. कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पण एकाच नंबरच्या, बिनरंगाच्या आणि डोळ्यांना सोसणाऱ्या. गॉगल घेताना पोलराइज्ड टाळा. काही कोनांतून कॉकपिटमधले पडदे त्यातून काळे दिसतात.

लेसर करून नंबर घालवला तर?

चालतं, पण शस्त्रक्रिया झाल्याबरोबर नाही. नजर स्थिर झाल्याचा, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसत नसल्याचा अहवाल लागतो आणि किती थांबायचं ते नियामक ठरवतो. केवळ मेडिकलसाठी लेसर करायची गरज नाही.

रंगांच्या चाचणीत काय बघतात? त्यात नापास झालो तर?

ठिपक्यांच्या वर्तुळात लपलेला आकडा ओळखायचा, ही ती इशिहारा चाचणी. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञानं ती १९१७ साली प्रसिद्ध केली. जन्मजात रंगदोष असलेल्याला आपल्याला तो आहे हे बहुधा माहीतच नसतं. लहानपणापासून जग तसंच दिसलेलं असतं. पान उलटतं, डॉक्टर वाट बघतात, मुलगा पानाजवळ डोळे नेतो आणि म्हणतो, "यात काही लिहिलंय?" हा क्षण फार अवघड असतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना आणि बायकांत जेमतेम अर्ध्या टक्क्याला हा दोष असतो. इतर वंशांत हे प्रमाण कमी-अधिक आहे.

रंग का हवेत, ते समजून घ्या. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा आणि उजव्याला हिरवा असतो. रात्री समोरचं विमान आपल्याकडे येतंय की दूर चाललंय, हे त्यावरून कळतं. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची रांग असते: दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतरण्याची उंची बरोबर, चारही लाल म्हणजे तुम्ही फार खाली आहात. रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून दिव्यानं खुणा करतात. उतरताना स्थिर हिरवा दिसला तर उतरायला परवानगी, लुकलुकता लाल दिसला तर विमानतळ असुरक्षित, उतरू नका.

इशिहारात चुकलात म्हणजे सगळं संपलं असं नाही. ती चाळणी आहे आणि तिची जाळी फार बारीक आहे. पुढे दिव्याची किंवा संगणकावरची चाचणी असते. तिच्यात दोष किती आहे हे मोजता येतं. अमेरिकेत १ जानेवारी २०२५पासून नव्या अर्जदारांची रंगचाचणी संगणकावरच होते. सौम्य दोषाचे बरेच लोक या पुढच्या पायरीवर पास होतात. तिथेही अडलं तर देशाप्रमाणे 'रात्री उडायचं नाही' अशी अट घालून खासगी उड्डाण करता येतं. व्यावसायिक वाट मात्र बहुतेक ठिकाणी बंद होते. रंगीत लेन्स घालून चाचणी देण्याचा विचारही करू नका. त्या मान्य नाहीत.

ही चाचणी डोळ्यांच्या कुठल्याही दवाखान्यात दहा मिनिटांत होते. बाकी काही नाही तरी एवढी तरी दहावी-बारावीतच करून घ्या.

ऐकू किती यायला हवं?

क्लास टूला शांत खोलीत, डॉक्टरांकडे पाठ करून, दोन मीटरवरून नेहमीच्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं की पुरे. क्लास वनला यंत्र लावतात: ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त घट नको. त्याहून जास्त घट असली तरी कॉकपिटच्या गोंगाटात बोलणं नीट समजतं हे दाखवून पास होता येतं. आदल्या रात्री मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमाला जाऊ नका, आणि उडायला लागल्यावर पहिल्या दिवसापासून चांगला हेडसेट वापरा.

डॉक्टर समोर आले की माझा रक्तदाब वाढतो. काय करू?

हे पुष्कळांचं होतं आणि डॉक्टरांना ते माहीत असतं. अमेरिकेत १५५/९५पर्यंत, युरोपात १६०/९५पर्यंत मर्यादा आहे. काही देशांत याहून कडक. दहा मिनिटं शांत बसून पुन्हा घेतात. तरीही जास्त आला तर चोवीस तास दंडाला यंत्र बांधून नोंद करतात. खरोखरच रक्तदाब असेल तर गोळी घेऊन उडता येतं. रक्तदाबाची बरीचशी औषधं मान्य आहेत. गोळी लागू नये म्हणून रक्तदाब लपवणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

मधुमेह आहे. उडता येईल?

आहारानं किंवा ठरावीक गोळ्यांनी ताब्यात असेल तर बहुतेक ठिकाणी येतं. प्रश्न इन्शुलिनचा आहे. इकाओचा मूळ नियम इन्शुलिनवरच्या अर्जदाराला अनफिट धरतो, कारण साखर अचानक उतरली तर आधी विचार मंदावतो आणि ते त्या माणसाला स्वतःला कळत नाही. पण काही देशांनी अटींसह दार उघडलंय. अमेरिकेनं १९९६मध्ये थर्ड क्लाससाठी, २०१९मध्ये व्यावसायिक वैमानिकांसाठी आणि ब्रिटननं २०१२मध्ये. अमेरिकेत थर्ड क्लासवर उडणाऱ्या इन्शुलिनवरच्या वैमानिकाला उड्डाणाच्या अर्धा तास आधी, हवेत दर तासाला आणि उतरण्याच्या अर्धा तास आधी साखर मोजावी लागते. ती १०० ते ३०० मिलिग्रॅममध्ये हवी. हे सगळं विमान उडवत असताना करायचं, त्यासाठी शिस्त लागते. ती असलेल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

कोणते आजार सरळ अडवतात?

ज्यात अचानक शुद्ध हरपू शकते किंवा वास्तवाचं भान सुटू शकतं, ते. अपस्मार, कारण न सापडलेली बेशुद्धी, हृदयविकाराचा झटका, एंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), मानसविकृती, द्विध्रुवी विकार, व्यसनाधीनता. यांतही सगळे कायमचे अडवत नाहीत. बायपास झालेले वैमानिक सखोल तपासण्यांनंतर परत उडालेले आहेत. नियामक मोजतो तो धोका: येत्या वर्षभरात हा माणूस अचानक अक्षम होण्याची शक्यता किती? दोन वैमानिकांच्या विमानासाठी वर्षाला १ टक्का ही रेघ अनेक देश मानतात. म्हणूनच काहींच्या सर्टिफिकेटवर 'दुसऱ्या वैमानिकासोबतच' अशी अट दिसते.

मुतखडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्याची कळ माणसाला दुमडून टाकते. म्हणून खडा असेल तर सोनोग्राफीचे कागद मागतात. दमा सौम्य आणि आटोक्यात असेल तर चालतो. फुप्फुसातून हवा गळून छातीत साठण्याचा त्रास एकदा होऊन गेला असेल तर आवर्जून सांगा: वर गेल्यावर दाब कमी होतो, १८,००० फुटांवर तर समुद्रसपाटीच्या निम्मा, आणि शरीरात अडकलेली हवा फुगते.

नैराश्यासाठी औषध घेत होतो. सांगावं का?

सांगा. हा प्रश्न लोक मला बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२४ मार्च २०१५ला बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेलं जर्मनविंग्जचं विमान सहवैमानिकानं फ्रान्सच्या आल्प्समध्ये डोंगरावर आदळवलं. १५० माणसं गेली. डॉक्टरांनी त्याला कामासाठी अयोग्य ठरवलं होतं आणि ते त्यानं कंपनीपासून लपवलं होतं. त्यानंतर युरोपात एअरलाइनमध्ये रुजू होण्याआधी मानसिक मूल्यमापन आणि वैमानिकांनीच वैमानिकांना आधार देणारी व्यवस्था बंधनकारक झाली. या घटनेतून काहींनी 'मनाचा आजार झालेल्याला उडू देऊ नये' असा अर्थ काढला. मला तो चुकीचा वाटतो. परवाना जाईल या भीतीनं माणूस गप्प बसतो, उपचार टाळतो आणि मग खरा धोका तयार होतो.

नियमही त्या दिशेनं सरकलेत. अमेरिकेनं २०१०पासून फ्लुओक्सेटिन, सरट्रालिन, सिटालोप्राम, एस्सिटालोप्राम ही चार औषधं अटींसह मान्य केली. प्रकृती काही महिने स्थिर असावी, डॉक्टरांचे अहवाल असावेत, एवढं मागतात. जवळचं माणूस गेल्यावर किंवा परीक्षेच्या ताणात समुपदेशकाकडे चार वेळा गेलात तर तेवढ्यानं कोणी अनफिट करत नाही. एकाग्रतेच्या विकाराचं (एडीएचडी) लहानपणी निदान झालं असेल तर जुने कागद शोधून ठेवा. त्यासाठीची मिथाइलफेनिडेटसारखी औषधं चालू असताना अमेरिकेत मेडिकल मिळत नाही.

आणि आत्ता त्रास होत असेल, तर मेडिकल बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. विमानं कुठे जात नाहीत.

एखादी गोष्ट फॉर्मवर लिहिलीच नाही तर कळणार कसं?

विमा, हॉस्पिटल, औषधांची चिठ्ठी, कुठूनही. अमेरिकेच्या फॉर्मवर खोट्या माहितीसाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, असं छापलेलं आहे. अपघात झाला तर तपासात वैद्यकीय कागद उघडतातच आणि विम्याची भरपाईही अडू शकते. शिवाय लपवलेला आजार लपलेलाच ठेवायला दर नूतनीकरणाला पुन्हा खोटं लिहावं लागतं.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं: उघड सांगितलेल्या बहुतेक गोष्टींतून मार्ग निघतो. लपवलेली आणि नंतर सापडलेली अगदी साधी गोष्टसुद्धा परवाना घालवते, कारण तेव्हा प्रश्न आजाराचा राहत नाही.

अनफिट आलो. आता पुढे काय?

आधी कागदावर काय लिहिलंय ते नीट वाचा. 'टेम्पररी अनफिट' म्हणजे अमुक तपासणी करून, अमुक आठवड्यांनी या. हे खूप सामान्य आहे आणि ते वाचून घाबरण्यासारखं काही नाही. पूर्ण अनफिट असाल तरी कारण लेखी मागून घ्या. त्या विषयातल्या तज्ज्ञाचा अहवाल जोडून नियामकाकडे फेरविचार मागता येतो. इकाओच्या नियमातच अशी सोय आहे: एखादा निकष पुरा होत नसला, तरी तज्ज्ञांच्या मते त्या माणसाच्या कौशल्यामुळे आणि घातलेल्या अटींमुळे सुरक्षेला धोका नसेल, तर परवाना देता येतो.

विली पोस्टचा डावा डोळा १९२६ साली अपघातात गेला आणि १९३३ साली जगाला एकट्यानं विमानप्रदक्षिणा घालणारा तो पहिला वैमानिक ठरला. जन्मतः हात नसलेल्या जेसिका कॉक्सनं २००८मध्ये स्पोर्ट पायलटचा, म्हणजे छोट्या हलक्या विमानांचा, परवाना मिळवला, तोही रडर पेडल नसलेल्या एर्कूप विमानावर, पायांनी नियंत्रण सांभाळत. ही उदाहरणं मी उगाच धीर देण्यासाठी सांगत नाही. स्पोर्ट पायलटच्या परवान्याला अमेरिकेत वैध वाहन परवाना मेडिकलच्या जागी चालतो. ग्लायडर, अल्ट्रालाइट, बलून यांच्यासाठीही काही देशांत सोप्या वाटा आहेत. मात्र अमेरिकेत ज्याचं मेडिकल नाकारलं गेलंय, त्याला ही वाहन परवान्याची वाट मिळत नाही. म्हणून शंका असेल तर फॉर्म भरण्याआधीच परीक्षकाशी नुसतं बोलण्याची वेळ घ्या.

मेडिकल किती दिवस चालतं?

खासगी वैमानिकाचं ६० महिने, चाळिशीनंतर २४. पन्नाशीनंतर ते १२ महिन्यांवर आणावं अशी इकाओची शिफारस आहे. व्यावसायिक वैमानिकाचं १२ महिने. साठीनंतर, आणि चाळिशीनंतर एकट्यानं प्रवासी नेणाऱ्यांसाठी, ६ महिने. देशांनी यात बदल केलेले आहेत. संपायच्या महिनाभर आधी वेळ घ्या.

गरोदरपणात उडता येतं?

सगळं सुरळीत असेल तर साधारण १२व्या आठवड्याच्या शेवटापासून २६व्या आठवड्याच्या शेवटापर्यंत. कळल्याबरोबर परीक्षकाला सांगायचं. बाळंतपणानंतर पुन्हा तपासणी होऊन परवानगी मिळते.

मेडिकल वैध आहे, पण आज सर्दी आहे. उडू का?

सर्टिफिकेट वैध असलं तरी तब्येत कमी वाटत असताना उडणं नियमाविरुद्ध आहे. हा निर्णय तुमचा तुम्हीच घ्यायचा असतो. आणि सर्दीपेक्षा सर्दीची गोळी जास्त घातक ठरते. सेटिरिझिन आपण सहज घेतो, पण गुंगीमुळे अमेरिकेत ती उडताना चालत नाही. फेक्सोफेनाडिन आणि लोरॅटाडिन चालतात. डायफेनहायड्रामिन हे सर्दी-ॲलर्जीचं औषध घेतलं तर तिथे ६० तास थांबायला सांगतात. कुठलीही नवी गोळी पहिल्यांदा घ्याल, ती जमिनीवर.

युरोपात शस्त्रक्रिया झाली, रोजचं औषध सुरू झालं, हॉस्पिटलात भरती झालात किंवा पहिल्यांदा चष्मा लागला, तर परीक्षकाचा सल्ला घेतल्याशिवाय उडता येत नाही.

दारू, रक्तदान, स्कूबा डायव्हिंग यांनंतर किती थांबायचं?

दारूनंतर अमेरिकेत किमान ८ तास, भारतात १२. पण जड पार्टी झाली असेल तर आकडे मोजू नका, अख्खा दिवस सोडा. रक्तदानानंतर २४ तास. डायव्हिंगनंतर ८,००० फुटांपर्यंतच्या उड्डाणासाठी १२ तास. वर येताना टप्प्याटप्प्यानं थांबावं लागलं असेल किंवा त्याहून उंच जायचं असेल तर २४.